गजर दाट, आकडा विरळ

प्रश्न थोडक्यात असा. तू खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतोस आणि बेळगावात इंजिनिअरिंग शिकतोस. सप्ताहातल्या भजनाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलंस आणि दर सेकंदाला किती आघात पडतात ते मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिलास. तुला वाटलं होतं, अभंगाच्या सुरुवातीला आकडा लहान येईल, शेवटच्या गजराला वर चढेल. पण गजरात तो खालीच आला. ज्या जागी अंगावर काटा येतो नेमकी ती जागा तुझ्या ग्राफवर विरळ दिसते. म्हणून विचारलंस, "बाई, प्रोग्राम चुकला की कान?"

दोन्ही बरोबर आहेत. तू संख्या मोजलीस आणि कान पोत ऐकत होते, एवढंच झालं. मी शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी पेटीची साथ केली. दोन्ही मिळून चाळीसेक वर्षं गेली, तेव्हा या प्रश्नाशी माझी झटापट जुनी आहे. उत्तर जरा लांबेल, चालवून घे.

'पोत' हा शब्द आपण कापडावरून घेतलाय आणि माझं माहेर वडगावचं. शहापूर, वडगाव, खासबाग हा भाग मागांचा. लहानपणी मला कापडाबद्दल एक गोष्ट कळली होती, तिचा संगीताशी संबंध आहे हे कळायला फार वर्षं लागली. एका इंचात ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती, हे मोजून कापड किती दाट आहे ते सांगता येतं. पण तेवढेच धागे, तेच सूत घेऊन एकदा साधी वीण घाला आणि एकदा साटीन घाला. पहिलं कापड हाताला खरखरीत लागतं, दुसरं बोटांवरून घसरतं. धागा कुणाच्या वरून गेला, कुणाच्या खालून गेला आणि किती जणांना ओलांडून पुन्हा खाली आला, एवढाच फरक. म्हणजे पोत धाग्यांच्या नात्यात असतो, धाग्यांच्या संख्येत फारसा नसतो. तुझ्या प्रोग्रामनं धागे मोजले.

आता नातं मोजायचं कसं, ते बघू.

भजनातले चार स्तर घे: गायक, पेटी, पखवाज, टाळ. चार जणांत जोड्या किती? सहा. प्रत्येक जोडीला एकच विचारायचं, हे दोघं सोबत चाललेत की वेगळे? संथ चालीत गायक आणि पेटी सोबत असतात, पखवाज आणि टाळ ठेक्यात सोबत असतात, पण सुरांची जोडी आणि तालाची जोडी आपापल्या वाटेनं जाते. ही २+२ अशी फोड झाली. सोबतीच्या जोड्या २, वेगळ्या ४. मग अंतऱ्याला तू ठेका सोडून भरणा करायला लागतोस, टाळ मात्र आपल्या जागी ठाम. फोड झाली २+१+१, सोबतीची जोडी १ आणि वेगळ्या ५. झील, म्हणजे मागच्यांनी ओळ उचलून धरणं, उठली की स्तर पाच आणि जोड्या दहा. झीलकरी गायकाला आणि पेटीला येऊन मिळाले आणि तू परत टाळाकडे आलास तर ३+२, म्हणजे सोबतीच्या ४ आणि वेगळ्या ६. शेवटी गजर. सगळे एका मात्रेवर, एका घावात. फोड उरतच नाही, नुसते ५. सोबतीच्या जोड्या दहाच्या दहा, वेगळी एकही नाही.

वेगळ्या जोड्यांचे आकडे ओळीनं लिही: ४, ५, ६ आणि एकदम ०. तुझा ग्राफ याच अंगानं पडला की नाही? तुझा प्रोग्राम नकळत वेगळेपणा मोजत होता. वीस टाळ एकाच क्षणी पडले तर त्याच्या लेखी तो एक आघात. चार जण आगेमागे चार गोष्टी करत असतील तर ते चार आघात. शिवाय गजरात टाळांचा झणत्कार इतका पसरतो की तुझी बारीक बोटं त्याखाली बुडतात आणि प्रोग्रामला सापडतच नाहीत. हा झाकोळ प्रत्येक मैफिलीत असतो. पखवाजवाल्यांना तो सहन होत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही मांडणी माझी नाही. वाद्यमेळातली 'घनता' आकड्यात धरण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या वॉलेस बेरी यांनी १९७६ च्या पुस्तकात केला. त्यांनी स्तरांची नुसती संख्या आणि ते स्तर सुरांच्या किती पट्ट्यात कोंबलेत, हे दोन वेगळे आकडे धरले. संख्येची फोड आणि जोड्यांचा हिशेब पुढे पद्धतशीरपणे लावला तो ब्राझीलच्या पाउशी जेंटिल-नुनेस यांनी. फोड हा अंकगणितातला जुना विषय आहे, आपल्या रामानुजनांचा लाडका. पाचाच्या फोडी सात. पण कोण कुणाबरोबर हेही लक्षात घेतलं तर पाच जणांची वाटणी ५२ तऱ्हांनी होते. भजनी मंडळ या बावन्नांतल्या चार-पाच वाटण्या वापरतं आणि रात्रभर लोकांना जागं ठेवतं.

इथे माझी एक फजिती सांगते. महिला मंडळाला एका स्पर्धेसाठी मी चाल बसवून दिली होती. मला हौस, की पहिल्या ओळीपासून सगळं भरून वाहिलं पाहिजे. झील ध्रुवपदापासून, पेटी प्रत्येक अक्षराला, टाळ सगळ्या जणींचे. तालमीत आम्हीच खूश. स्पर्धेत आमचा गजर आला आणि गेला, श्रोत्यांना कळलंही नाही. परीक्षकांनी एकच शब्द लिहिला, 'सपाट'. घरी येऊन वहीत फोडी मांडल्या तर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच, पाच, पाच. वेगळेपणा शून्य होता आणि शून्यच राहिला, मग पडायला जागा कुठे होती? गजर अंगावर येतो तो आधीच्या सहावरून शून्यावर पडल्यामुळे. पुढच्या वर्षी तीच चाल, त्याच बायका, एवढंच केलं की गजराच्या आधीच्या कडव्यात झील थांबवली, पेटीला गायिकेच्या मागून वेगळं काही भरू दिलं आणि टाळ फक्त दोघींकडे ठेवले. म्हणजे आवाज कमी केला आणि वेगळेपणा वाढवला. मग गजर उठला.

तू मोजमाप करणार असशील तर डेव्हिड ह्यूरन यांचं काम तुझ्या उपयोगाचं आहे. १९८९ मध्ये त्यांनी पोत दोन अक्षांवर मांडला. एका अक्षावर आघात किती एकत्र पडतात ते, दुसऱ्यावर स्तर वर-खाली जाताना एकाच दिशेनं जातात का ते. गायक आणि पेटी दोन्ही अक्षांवर एकत्र. पखवाज आणि टाळ फक्त पहिल्या अक्षावर, कारण टाळाला चढ-उतार नाही. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक तपासलं: ऐकणाऱ्याला एकाच वेळी चालणारे किती सूर मोजता येतात? तीनपर्यंत बरं चालतं, पुढे चुका भराभर वाढतात. अनुभवी कानांच्याही. म्हणजे पाच स्तर पूर्ण सुटे केलेस तरी श्रोत्याला ते 'पाच' असे ऐकू येत नाहीत, 'पुष्कळ' असे येतात. चाल बसवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. चौथा वेगळा स्तर घालताना तो कुणासाठी घालतोस, एकदा विचार कर.

हे वाचताना मला मागांची आठवण झाली. आमच्या गल्लीत संध्याकाळी यंत्रमाग एकेक करून बंद होत. सगळे चालू असताना ताल ऐकू येत नसे, नुसता पाऊस. चार-पाच उरले की गोंधळ वाटे. तीन उरले की अचानक प्रत्येकाचा ठेका सुटा होऊन ऐकू येई, आणि शेवटचे दोन तर एकमेकांशी खेळायचे. समजा एक मिनिटाला १२० ठोके मारतोय आणि दुसरा १२३, तर दोघे मिनिटातून तीनदा, दर वीस सेकंदांनी एकत्र पडणार आणि मग पुन्हा हळूहळू सुटणार. जॉर्जी लिगेती या हंगेरियन संगीतकारानं १९६२ मध्ये शंभर मेट्रोनोमसाठी एक रचना केली. सगळे एकदम सोडून द्यायचे आणि चावी संपेल तसे एकेक थांबू द्यायचे. लोक वैतागले होते म्हणतात. वडगावकर वैतागले नसते.

आता टाळांकडे येऊ, कारण तुझ्या पत्रात दुसरा प्रश्न त्यात लपलेला आहे: टाळकरी वाढवले की गजर दाट होतो का?

होतो, पण वाटतो तितका नाही. सारख्या ताकदीचे, एकमेकांशी न बांधलेले वीस आवाज एकत्र आले तर पातळी १३ डेसिबलनं वाढते. कानाला दर १० डेसिबलला आवाज ढोबळमानानं दुप्पट वाटतो. म्हणजे एका टाळाच्या जागी वीस टाळ आले तर आवाज वीसपट नाही, अडीचपट वाटणार. विसाचे चाळीस केलेत तर आणखी फक्त ३ डेसिबल. मंडळाच्या अध्यक्षांना हे सांगू नकोस, नवे टाळ घ्यायला त्यांनी वर्गणी काढलेली असेल.

मग वीस टाळांनी भरल्यासारखं का वाटतं? कारण ते वीस जण कधीच पूर्ण एकत्र नसतात. समजा प्रत्येकाची चूक वेगवेगळी आहे आणि तिचं प्रमाण विचलन, म्हणजे चुकांचा नेहमीचा पसारा, १० मिलिसेकंद आहे. पाच जण असतील तर पहिल्या आणि शेवटच्या टाळात सरासरी २३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. वीस जण असतील तर ३७. माणसं चौपट झाली, अंतर दुप्पटही नाही. साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आतलं कान बऱ्यापैकी एकच धरतो. टोकदार आवाज त्याहून आधी सुटे ऐकू येतात, सुरांना सवलत जास्त. त्यामुळे वीस टाळांचा घाव 'एक पण जाड' असा ऐकू येतो. धार थोडी फाटलेली आणि अंग भरलेलं. यंत्रानं वीस टाळ अगदी बिनचूक एकावर एक ठेवून दिलेस तर तो एकच मोठा टाळ होतो, मंडळ राहत नाही. स्टुडिओत एका टाळाचं रेकॉर्डिंग वीसदा चिकटवून 'भजनी वातावरण' करतात, ते म्हणूनच पत्र्यासारखं लागतं.

ही झाली बसलेली मंडळी. दिंडी निघाली की पदार्थविज्ञान मध्ये पडतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळजवळ ३ मिलिसेकंद. देवळाच्या मंडपात या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मीटर असले तर उशीर २९ मिलिसेकंद, चालून जातं. पण दिंडी तीस मीटर पसरली आणि पखवाज पुढच्या टोकाला असला तर मागच्या टाळकऱ्याला तुझा घाव ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि चौगुनीतलं, म्हणजे मात्रेत चार वाजवताना, एक अक्षर १२५ चं. म्हणजे मागचा माणूस तुझ्या चौगुनीच्या पाऊण अक्षरानं मागे पडला, आणि त्यानं वाजवलेलं तुझ्याकडे परत यायला आणखी तेवढाच वेळ. तुला वाटतं मागचे लय खेचतात. मागच्यांना वाटतं पखवाज पळतो. दोघंही खरं बोलत असतात, आणि भांडण मुक्कामाला पोचेपर्यंत टिकतं.

उपाय जुन्या वारकऱ्यांनी कधीच शोधलेला आहे. मृदंग टाळकऱ्यांच्या मधोमध ठेवायचा. तीस मीटरची दिंडी असली तरी कुणीच तुझ्यापासून पंधरा मीटरपेक्षा लांब नाही, उशीर ४४ वर येतो. आणि पावली, म्हणजे सगळ्यांनी तालावर एकत्र टाकायची पावलं. पाय सगळ्यांना दिसतात आणि दिसायला वेळ लागत नाही. पावली नीट पडत असली की टाळकरी कानाऐवजी डोळ्यानं वाजवतात. तुमच्याकडची तरुण मुलं पावली नुसती नाचासारखी घेतात असं लिहिलंयस. त्यांना हे ८७ चं गणित सांगून बघ.

तू पखवाजी आहेस म्हणून लयकारीतला एक हिशेब मुद्दाम देते. मला तो सापडला तेव्हा मी शेजारणीला बोलावून दाखवला होता. तिला काही वाटलं नाही.

भजनी ठेका आठ मात्रांचा. टाळ दर मात्रेला एक धर, म्हणजे आवर्तनात आठ घाव. त्यावर तू आड घेतलीस, दोन मात्रांत तीन, तर आवर्तनात तुझे बारा. कुआड घेतलीस, चार मात्रांत पाच, तर दहा. आता टाळ आणि पखवाज मिळून एकूण किती वेगवेगळ्या क्षणी आवाज होतो? दोन्ही संख्यांच्या बेरजेतून त्यांचा मसावि वजा कर, कारण तेवढे घाव एकत्र पडतात. आड: ८ + १२ - ४ = १६. कुआड: ८ + १० - २ = १६. बघितलंस? कुआडीत तू दोन घाव कमी मारलेस आणि कानावर पडणारे क्षण तेवढेच राहिले. घनतेचा ग्राफ दोन्हीला एकच आकडा दाखवणार. आणि ज्यानं एकदा तरी दोन्ही ऐकल्या आहेत तो सांगेल की त्या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

फरक मधल्या फटींत आहे. आडीत दोन मात्रांमधल्या फटी मात्रेच्या तृतीयांशात मोजल्या तर २-१-१-२ अशा येतात. दोनच जातींच्या फटी, एक दुसरीच्या दुप्पट. कुआडीत चार मात्रांतल्या फटी पंचमांशात मोज: ४-१-३-२-२-३-१-४. चार जाती आणि सर्वांत मोठी फट सर्वांत लहानीच्या चौपट. दोन्ही ओळी उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात, हे आणखी एक. (वाटल्यास तिहाईची जागा शोधताना वापर. मी वापरलेलं नाही, पेटीवाल्यांना तिहाई कोण देतं?) क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायची जी रीत दिली ती इथे लावली तर पुढची फट कोणत्या जातीची हे ओळखायला आडीत सरासरी १ बिट लागतो आणि कुआडीत २. क्षण तेवढेच, अनिश्चितता दुप्पट. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्या दुसऱ्या बिटाचा.

बिआड, म्हणजे चार मात्रांत सात, यात मजा पुढे जाते. क्षण वाढतात: ८ + १४ - २ = २०. पण सप्तमांशातल्या फटी ४-३-१-४-२-२-४-१-३-४ अशा येतात, त्यात चाराची फट वारंवार येते आणि अनिश्चितता १.९२ बिटांवर उतरते. म्हणजे बिआड कुआडीपेक्षा दाट, पण किंचित अधिक अंदाजात येणारी. वाजवायला बिआड अवघड हे मान्य. ऐकणाऱ्याला मात्र कुआड जास्त चकवते असं मला नेहमी वाटत आलंय, आणि हा आकडा माझ्या बाजूनं पडला म्हणून मला तो आवडतो, हेही कबूल करते. घराण्याघराण्यांत या नावांचे हिशेब वेगळे लावतात, तुझ्या गुरुजींचा वेगळा असेल तर तोच धर. मसाविचं सूत्र बदलत नाही.

पेटीबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण मी पेटीवाली, न सांगता कशी राहीन! साथीत पेटी गायकाच्या मागोमाग जाते. गायकाच्या सुराचा ग्राफ आणि पेटीचा ग्राफ काढून एक दुसऱ्यावर सरकवत नेला तर एका जागी ते सर्वांत जास्त जुळतात. किती जुळले हा एक आकडा, किती सरकवावं लागलं हा दुसरा. सरक शून्याच्या आसपास असेल तर श्रोत्याला एकच जाड आवाज ऐकू येतो. दोन-अडीचशे मिलिसेकंद मागे राहून भरलेली पेटी सावली वाटते. त्याहून मागे पडली तर ती दुसरी बाई बोलायला लागली असं वाटतं आणि गायक वळून बघतो. बेळगावला पेटीची परंपरा मोठी, रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखे वादक इथे होऊन गेले. आमच्या पिढीनं अशा वादकांकडून जे ऐकून घेतलं ते बरंचसं या सरकेतच होतं, आकडा कुणी काढला नव्हता एवढंच.

याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये बंदी घातली होती. आक्षेपांपैकी एक पोताचाच होता. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) खरजाचा षड्ज धर, साधारण ६९.३ हर्ट्‌झ. तानपुऱ्याच्या त्या तारेतून पाचवा स्वरांश (मूळ कंपनाच्या पाचपट) म्हणून जो गंधार निघतो तो ३४६.५ वर बसतो. पेटीचा समान पट्टीतला, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला, गंधार ३४९.२ वर. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा हेलकावा येतो. तेच ते दोन माग! सेकंदाला पावणेतीन हा वेग फार वाईट आहे, कंप म्हणून गोड लागायला जलद आणि दुर्लक्ष करायला संथ. त्यामुळे तानपुरा भरून वाजत असताना मी शुद्ध गंधारावर पेटी टेकवत नाही, स्पर्श करून निघते.

आणि तानपुरा मोजायला बसलास तर तुझा प्रोग्राम हात टेकेल. तारा चार, सूर तीन, आघात चार सेकंदांत चार. कोणत्याही मोजणीनं सर्वांत विरळ वाद्य, आणि कानाला सर्वांत दाट. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की जव्हारीमुळे (तारेखालच्या घोडीच्या किंचित गोलसर माथ्यामुळे) तानपुऱ्याची तार नेहमीचा नियम पाळत नाही, जे स्वरांश छेडण्याच्या जागेमुळे उमटायलाच नकोत तेही तीत उमटतात. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत कारागीर जव्हारीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि एका धाग्यातून शेला निघतो. सुळेभावीला १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं ऐक. दोन तानपुरे इतके निगुतीनं लावलेले असत की गाता गाता कुमार मध्ये थांबले तरी कापड उसवत नसे. त्या थांबण्यात गळ्याचे आघात शून्य येतात. तुझ्या ग्राफवर तिथे भोक पडेल.

प्रोग्रामचं म्हणशील तर सगळं रेकॉर्डिंग एकत्र मोजू नकोस. टाळांची चमक चार-पाच हजार हर्ट्‌झच्या वर ठळक असते, पखवाजाची डावी बाजू दोनशेच्या खाली, गळा आणि पेटी मधे. तीन चाळण्या लाव, प्रत्येकीचे आघात वेगळे काढ, मग जोडी-जोडीनं बघ की किती आघात एकमेकांच्या ४० मिलिसेकंदांच्या आत पडतात. तू वापरतोस त्या लिब्रोसात (आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) नेहमीच्या मांडणीनुसार एका फ्रेमनंतरची दुसरी फ्रेम २३ मिलिसेकंदांनी येते, तेव्हा त्याहून बारीक काही सांगितल्याचा आव आणू नकोस. एक सापळा मात्र आहे, मी त्यात पडलेय. टाळ सेकंदाला चार पडत असतील आणि खिडकी दोन्ही बाजूंना ४० ची असेल, तर एखाद्या आघाताचा टाळाशी काहीही संबंध नसताना तो निव्वळ योगायोगानं टाळाजवळ पडण्याची शक्यता ३२ टक्के येते. त्यामुळे 'तीस टक्के आघात जुळले' म्हणजे सोबत नाही, ते काहीच नाही. सोबत म्हणायचं तर आकडा या योगायोगाच्या बराच वर हवा. आणि मोबाईल स्वतःजवळ ठेवू नकोस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाज मोठा येतो यात मला नवल वाटत नाही. वीणेकऱ्याजवळ ठेव, तो मधे उभा असतो आणि हलत नाही.

आता जिथे माझी ही सगळी जोड्यांची रीत अडते ती जागा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगतिणी चौंडकं वाजवतात ते तू ऐकलं असशीलच. बाजूला तुणतुणं एकाच सुरावर धरलेलं, आणि चौंडक्याची तार ताणून सैल करून बोलल्यासारखी वर-खाली होते. गाणारी कानडीतून मराठीत कधी आली ते तिलाही कळत नाही. तुणतुणं हा एक स्तर, गळा हा एक. चौंडकं काय मानायचं? कातडं लावलेलं, घाव मारायचं, म्हणून तालाचं. पण सूर गळ्याच्या मागे मागे जातो, म्हणून सुराचं. पहिल्या अक्षावर ते तुणतुण्याजवळ, दुसऱ्यावर गळ्याजवळ. तीन स्तर म्हणावेत तर फोड जमत नाही, दोन म्हणावेत तर ऐकताना पटत नाही. चैत्र पौर्णिमेच्या एका जत्रेत डोंगरावर बसून मी वहीत रकाने आखले होते. त्या चौंडक्याच्या रकान्यात अजून पेन्सिलीनं 'दीड' लिहिलेलं आहे.